तेरसिंगबाबांचा टोप

१

शनिवारी सकाळी ललिता मॅडमनी संगीताच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि त्या जागच्या जागी थिजल्या.

ढोल होता. बासऱ्या होत्या. नाचताना कमरेला बांधायच्या वाळक्या भोपळ्यांच्या माळा होत्या. वरच्या फळीवरचा मोरपिसांचा टोप मात्र नव्हता. त्याच्या जागी एक पांढरा रुमाल अंथरलेला होता आणि त्यावर टोपाच्या कडेची पितळी घुंगरं, एकाशेजारी एक, नीट मांडून ठेवलेली होती.

फैजपूरच्या बाहेर केळीच्या बागांना लागून असलेली ही शाळा पहिल्यांदाच मुलांना परदेशी नेणार होती. मे महिन्यात, श्रीलंकेला. ललिता मॅडम भूगोल शिकवायच्या आणि ही सगळी सहल त्यांच्याच डोक्यातून निघाली होती. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका खेड्यातल्या शाळेशी त्यांनी ओळख जमवली होती. सकाळी किनारा साफ करायचा आणि समुद्री कासवांनी अंडी घातलेल्या जागा राखायच्या. दुपारी तिथल्या शाळेच्या भिंती रंगवायच्या. संध्याकाळी एकमेकांची गाणी आणि नाच शिकायचे. शिवाय एक दिवस, आई हरवलेल्या हत्तीच्या पिल्लांना दूध पाजतात ते ठिकाण बघायचं. मुलं महिनोन् महिने याच गप्पा मारत होती. त्यांतल्या बहुतेकांनी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता.

आपल्याकडून दाखवायचा नाच ठरला होता पावरा आदिवासींचा, होळीचा. पुढे नाचणार होती नववीतली ऋतिका. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची, शाळेच्या वसतिगृहात राहायची. टोप तिच्या आजोबांनी, तेरसिंगबाबांनी बनवला होता. जंगलात गळून पडलेली पिसं त्यांनी पावसाळ्यापासून वेचून ठेवली होती. होळीत असा टोप पुरुषच घालतात. तरी बाबांनी नातीच्या डोक्याचं माप दोरीनं घेतलं आणि म्हणाले, "परदेशी तूच घाल." सोमवारी रंगीत तालीम होती. ती बघायला बाबा पाड्यावरून येणार होते.

शाळेचे अध्यक्ष सुपडू आबा बातमी कळताच बागेतून तसेच आले, पायांना चिखल, डोक्यावर टोपी तिरपी.

"हे चालायचं नही मॅडम," ते गरजले. "चोरी करनाऱ्या पोराइले मी परदेशात धाडू? तिथी काही उचललं तं शाळेची काय इज्जत राह्यीन? सोमवारपर्यंत चोर सापडला नही तं सहल रद्द. आन आधी वसतिगृहातल्या पोराइच्या पेट्या उघडा."

दारात उभ्या असलेल्या ऋतिकेनं मान खाली घातली.

"पेट्या कुठं पळून जात नाहीत, आबा," मागून एक शांत आवाज आला. "आधी मला तो रुमाल बघू द्या."

२

आवाज उषा अक्कांचा होता. वरणगावच्या आयुध कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं. काम एकच: पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या शेकडो काडतुसांतलं एखादं खोट असलेलं काडतूस नजरेनं टिपायचं आणि बाजूला काढायचं. निवृत्त झाल्या तरी डोळे निवृत्त झाले नव्हते. सहलीत मुलींच्या सोबतीला त्याच जाणार होत्या, त्यामुळे सहल रद्द होण्याचं दुःख त्यांनाही होतंच. विमानात खिडकीची जागा मिळावी म्हणून त्यांनी ललिता मॅडमना केव्हाच गळ घातली होती.

आबा निघून गेल्यावर अक्का कपाटासमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी एक घुंगरू उचललं, त्याची दोरी बोटांत फिरवली.

"ललिता, ही दोरी कापलेली नाही. गाठ सोडलेली आहे."

"मग?"

"ही भोपळ्यांची माळ घे. ही पण तेरसिंगबाबांनीच बांधली ना? सोड बघू गाठ."

ललिता मॅडमनी नखं लावली, दात लावले, शेवटी पिन घातली. गाठ हलली नाही.

"म्हणजे ज्यानं टोप नेला, त्याला ही गाठ सोडता येते," अक्का म्हणाल्या. "आणि दुसरं. विकायला नेणाऱ्यानं पितळ सोडलं असतं का? सूड म्हणून नेणारा घुंगरं अशी रुमालावर मांडत बसला असता का? ज्यानं नेलं, त्याला ही घुंगरं सोमवारी लागणार आहेत हे ठाऊक होतं. अगं, चोराला नाच हवा आहे!"

ललिता मॅडमना हसू आलं, पण लगेच मावळलं. गाठ सोडता येणारं शाळेत एकच माणूस होतं. नाच हवा असणारंही तेच. पण आपल्याच आजोबांनी केलेला टोप ऋतिका कशाला चोरेल?

"तिला विचारू का?"

"आत्ता नको. आबांनी पेट्यांचं काढलंय. या क्षणी विचारलंस तर पोर आयुष्यभर विसरायची नाही. मला आधी बाकीची माणसं बघू दे."

३

बाकीच्यांत पहिले होते संगीताचे हेमराज सर. त्यांनी खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांचा कार्यक्रम बसवला होता. मुलांनी हात वर करून पावरा नाच निवडला तेव्हापासून ते जरा फुगलेले होते. अक्का गेल्या तेव्हा ते एकटेच पेटीवर कानबाईचीच चाल वाजवत होते.

"राग आलाय का, सर?"

"आलाय. खोटं कशाला सांगू?" त्यांनी भाता बंद केला. "पण अक्का, मला नाच बंदच पाडायचा असता तर मी टोप कशाला नेला असता? ढोलाचं कातडं फाडलं असतं. टोपावाचून नाच होतो. ढोलावाचून पाऊल हलत नाही."

अक्कांना हे पटलं. "कपाटाची किल्ली?"

"ऑफिसातल्या खिळ्याला. कुणीही घेतं, कुणीही लावतं. आणि खरं सांगू? तालमीत ती पोरगी टोप घालून वळते ना, तेव्हा मी वाजवायचं विसरतो. माझा रुसवा आता नावालाच उरलाय."

अक्का हसत बाहेर पडल्या. फाटकाशी शाळेची बस उभी होती आणि चालक लोटनभाऊ काच पुसत होते. अक्कांचं लक्ष सहज काचेच्या आत गेलं आणि त्या थांबल्या.

देवाच्या तसबिरीला एक ताजं, झळझळीत मोरपीस खोचलेलं होतं.

४

लोटनभाऊ मूळचे पिंपळनेरचे. इतकी वर्षं इकडे राहूनही त्यांनी अहिराणी सोडली नव्हती.

"हे पीस कुठून आणलं, भाऊ?"

"आते मी चोर शे का, अक्का?" ते एकदम हडबडले. "शुक्रवारे सांजले बठ्ठा पोरं उतरनात, मंग सीटखाले दिखनं. मोरनं पीस शे, फेकी कसं देऊ? देवले लाई दिधं."

"कोणत्या सीटखाली?"

"मांगली. तठे आबानी नात बसस, डिंपल. तिनी मांडीवर आजीनं भलतं मोठं टोपलं व्हतं. वरतून केळीना पानं झाकेल."

अक्का बसच्या पायरीवरच बसल्या. सुपडू आबांची नात! ज्यांनी वसतिगृहाच्या पेट्या उघडायला सांगितल्या त्यांच्याच घरी टोप गेला होता.

डिंपल आणि ऋतिका एका बाकावर बसत. सहलीच्या तयारीत प्रत्येक जोडीकडे एक काम होतं. कुणी तिथल्या भाषेतले शब्द गोळा करत होतं, कुणी कासवांची माहिती. या दोघींकडे होतं सामान: काय न्यायचं, काय नाही. अक्कांना मागच्या आठवड्यातली बैठक आठवली. आबांनी हत्तीच्या पिल्लांसाठी केळीची खोकी पाठवायचा आग्रह धरला होता. "आपल्या केयीसारखी केयी त्याइले तिथी कुठी भेटीन?" दोघींनी त्यांना ठामपणे सांगितलं होतं, फळं विमानानं परदेशी अशी नेता येत नाहीत. मग ऋतिकेनं वाचून दाखवलं, तिथून शंख आणायचे नाहीत, पोवळं आणायचं नाही.

"आणि इथून फळांशिवाय काय न्यायचं नाही?" ललिता मॅडमनी विचारलं होतं.

"इथून..." डिंपल बोलायला लागली. ऋतिकेनं तिला कोपर मारलं. दोघी घाईघाईनं खाली बसल्या. तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरी लाजल्या.

अक्का उठल्या. "लोटनभाऊ, मला आबांच्या घरी सोडता का?"

५

सहलीच्या विरोधात गावात सगळ्यांत मोठा आवाज होता तो आबांच्या बायकोचा, इंदिराबाईंचा. नातीला समुद्रापार धाडायचं त्यांना बिलकूल मंजूर नव्हतं. आबांनी परवानगी दिली त्या दिवशी त्यांनी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला होता.

त्या ओट्यावर बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली.

"या उषाबाई. तुम्ही बी चालल्या का त्या समिंदरात? कासव पाहाले इतल्या दूर! आपल्या तापीतले कासवं काय मेले का?"

"तापीतली छोटी असतात हो. तिथली परातीएवढी."

"परातीएवढी?" इंदिराबाई क्षणभर विरोध विसरल्या. "आन मंग ते पोहते कसं?" लगेच सावरून त्या म्हणाल्या, "पोहो का बुडो, मले काय करायचं! पानी घ्या."

पाण्याचा पेला पुढे करताना पदराखालचा हात बाहेर आला. बोटांची टोकं काळपट तपकिरी झाली होती. हा डाग फैजपूरच्या परिसरात लहान मूलही ओळखतं. केळीचा चीक. कपड्यावर पडला तर कपडा फाटतो, डाग जात नाही.

"अजून बागेत जाता का काकू?"

"कायची बाग! गुडघ्यानं कधीचं घरी बसवलं."

"आणि मागच्या खोलीत काय चाललंय?"

"काही नही!" इंदिराबाई जरा जास्तच जोरात म्हणाल्या. "ज्वारी हाये."

त्याच वेळी मागच्या खोलीतल्या ज्वारीला ठसका लागला आणि पाठोपाठ डिंपलची दबकी खीखी ऐकू आली.

अक्कांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "काकू, उद्या सकाळी आम्ही सगळे चहाला येतो. तोवर तुमची ज्वारी बांधून होईल का?"



६

रविवारी सकाळी ओट्यावर ललिता मॅडम, हेमराज सर आणि आबा बसले. रविवारी ऋतिका नेहमीच डिंपलकडे जेवायला यायची. आजही आली होती, पण दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"चोर सापडला का?" आबांनी विचारलं.

"तीन सापडले," अक्का म्हणाल्या. "तिन्ही तुमच्या घरात आहेत."

आबांचा चहा बशीतच राहिला.

अक्कांनी सगळं क्रमानं सांगितलं. घुंगरं वाटेत वाजू नयेत म्हणून गाठी सोडल्या ऋतिकेनं. टोप टोपल्यात घालून, केळीची पानं झाकून बसमधून आणला डिंपलनं. पीस गळालं ते तेव्हा. आणि बागेत न जाणाऱ्या इंदिराकाकूंच्या बोटांना चीक लागला, कारण त्या घरात बसून केळीच्या खोडातून धागा काढत होत्या. "पिसं हवी असणाऱ्याला धागा लागत नाही. पिसांच्या जागी दुसरं काही करायचं असेल तरच लागतो. आता पिसांच्या जागी दुसरं कशाला? ते या दोघींनी त्या बैठकीत जवळजवळ सांगितलंच होतं. ऋतिका, इथून काय न्यायचं नाही?"

ऋतिकेचे ओठ हलले. "मोरपीस."

"मोरपीस देशाबाहेर न्यायला बंदी आहे, मॅडम," डिंपलनं पुढचं एका दमात सांगितलं. "गळालेलं असलं तरी. विमानतळावर टोप काढून घेतला असता, आणि आपण तर प्राणी-पक्षी वाचवायला निघालोय!"

ललिता मॅडमनी कपाळाला हात लावला. "माझ्या लक्षात कसं आलं नाही! अगं, पण मला सांगायचं ना?"

"तुम्ही बाबांना सांगितलं असतं," ऋतिका म्हणाली. "आमच्या पाड्यावर कुणी मोठ्या माणसानं कायद्यात बसत नाही म्हटलं की म्हातारी माणसं घाबरतात. बाबांना वाटलं असतं, आपण काही गुन्हा केला. त्यांनी इतकी पिसं वेचली..." तिनं डोळे पुसले. "आम्ही आधी नवा टोप करणार होतो, मग सांगणार होतो. जुना समोर असल्याशिवाय बांधणं जमत नव्हतं. शनिवारी तुम्ही कपाट उघडाल असं वाटलं नव्हतं."

आबा बायकोकडे वळले. "आन तू? तू तं सहलीच्या नावानं शिमगा करू राह्यली होती ना?"

"अजून बी करीन," इंदिराबाई म्हणाल्या. "पन पोरी माह्या मांडीवर येऊन रडल्या. मले जानं पटो का नही पटो, नाचाले निघालेल्या पोरीचं डोकं बोडकं ठेवू का?"

त्या आत गेल्या आणि दोन्ही हातांत दोन टोप घेऊन बाहेर आल्या. एक मोरपिसांचा. दुसरा केळीच्या धाग्याचा, निळा-हिरवा रंगवलेला, फणीनं विंचरून एकेक पीस मोकळं केलेलं, मधे सोनेरी दोऱ्याचा डोळा. उन्हात धरला तर तोही चमकत होता.

मग आबा उठले, ऋतिकेसमोर जाऊन उभे राहिले.

"काल मी वसतिगृहाच्या पोराइच्या पेट्या उघडा म्हनलो. ते चुकलं माह्यं, बाय."

ऋतिकेनं मान हलवली. पण तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नव्हती. "सहल होईल. पण उद्या बाबा येतील. त्यांना कोण सांगणार?"

७

सोमवारी तेरसिंगबाबा पाड्यावरच्या दहा-पंधरा माणसांना घेऊन आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर ढोल. शाळेतला ढोल नवा आहे, त्याला अजून आवाज फुटलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ललिता मॅडम पुढे झाल्या, पण ऋतिकेनंच त्यांचा हात धरून मागे ओढलं. तिनं दोन्ही टोप आजोबांसमोर ठेवले आणि आपल्या बोलीत सगळं सांगितलं. सांगताना ती एकदाही वर बघत नव्हती.

बाबांनी ऐकून घेतलं. मोरपिसांच्या टोपावरून एकदा हात फिरवला. मग केळीचा टोप उचलून उजेडात फिरवला, ओढला, झटकला.

"हा कोणी केला?"

"म्या," इंदिराबाई गर्दीतून म्हणाल्या. त्यांचा आवाज एरवीपेक्षा बारीक झाला होता.

"पिसं चांगली झाली. बांधलं वाईट. पोरगी दोनदा वळली की उडून जाईल."

"मंग दाखवा ना बांधून! नुस्ते काय बोलू राह्यले?"

बाबा तिथंच मांडी घालून बसले. इंदिराबाई गुडघा धरत समोर बसल्या. एक दोरी ओढायचा, दुसरी "इतली ताणू नका, तुटीन" म्हणायची. मधे एकदा बाबा हसून म्हणाले, "बंदी आहे ते ठीकच आहे. एक टोप तिकडं गेला की शंभर जण मागतील. मग पीस गळायची वाट कोण बघत बसणार?" ऋतिकेनं तेव्हा कुठे मोकळा श्वास घेतला.

हेमराज सरांनी विचारलं, "मग हा मोरपिसांचा टोप कपाटात ठेवायचा का?"

"कपाटात?" बाबांना हे फारच विचित्र वाटलं. "मी काय बघायला आलो का?"

त्यांनी टोप स्वतःच्या डोक्यावर चढवला, घुंगरांची एक माळ पायाला बांधली आणि मैदानात उतरले. पाड्यावरच्या माणसांनी ढोल धरला. त्या थापेनं बाजूच्या बागेतले बगळे उडाले. ऋतिका केळीचा टोप घालून पुढे आली, आणि आजोबा-नात समोरासमोर नाचायला लागले, एक वळला की दुसरी वळे, एक वाकला की दुसरी वाके. हेमराज सर बासरी घेऊन धावले. लोटनभाऊ बस सोडून आले. शेवटच्या फेऱ्यात सुपडू आबाही शिरले, त्यांचं पाऊल सगळ्यांत उलटं पडत होतं, आणि डिंपल हसून हसून खाली बसली.

८

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ऋतिका श्रीलंकेच्या किनाऱ्यावर वाळूत उभी होती. दिवस बुडत आला होता. थोड्याच वेळात कासवाची पिल्लं वाळूतून वर येतील, असं तिथल्या मुलांनी सांगितलं होतं. उषा अक्का चप्पल हातात घेऊन लाटांपासून चार पावलं दूर राहायचा प्रयत्न करत होत्या, आणि लाटा काही ऐकत नव्हत्या.

तिनं आजोबांना फोन लावला. फोनला रेंज मिळावी म्हणून बाबा पाड्यामागच्या टेकडीवर येऊन बसले होते. तिनं कॅमेरा समुद्राकडे केला.

"पलीकडचा काठ दिसत नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. नुसतं पाणीच."

"मग एवढ्याशा पिल्लाला कोणीकडं जायचं ते कळतं कसं?"

"पाण्यावर उजेड असतो ना, तिकडं ती चालत जातात. म्हणून किनाऱ्यावर दिवे लावायचे नाहीत. लावले की ती चुकतात, उलटी गावाकडं येतात. आज आम्ही घरोघर जाऊन सगळ्यांना दिवे मालवायला सांगितलं."

"सगळ्यांनी मालवले?"

"सगळ्यांनी."

तिनं कॅमेरा पुन्हा स्वतःकडे वळवला. अंधारत चाललेल्या पडद्यावर त्यांना नातीचा चेहरा उजळलेला दिसत होता.

"आणि हा तुझ्या हातातला?"

"हा फोन आहे, बाबा."

"दिवाच आहे तो. बंद कर आधी!" ते म्हणाले, आणि त्यांनीच फोन ठेवून दिला.

ऋतिका हसली, फोन खिशात खोल सारला आणि डिंपलचा हात धरून वाळूत गुडघ्यांवर बसली. पायाजवळची वाळू हळूच हलायला लागली होती.